विषय : घार ताब्यात असल्याबाबत

घार उचलली तिथपर्यंत सगळं ठीक होतं. कुणीही उचलली असती. पण अर्जवाल्यांनी घार उचलली आणि लगेच अर्ज केला, आणि जे बिघडत गेलं ते तिथून.

अर्जवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. इमारतीतल्या चौदा बिऱ्हाडांनी मिळून त्यांना दिलेला तो किताब. पाणीपुरवठा कार्यालयात ते हेडक्लार्क. अकरा वर्षं एकाच खुर्चीत बसून खुर्चीचा आणि त्यांचा आकार एक झालेला. जिन्यातला दिवा गेला, केला अर्ज. खालचं कुत्रं भुंकलं, केला अर्ज. एकदा बायकोशी तीन दिवस अबोला होता, तेव्हा चहात साखर कमी पडत असल्याबद्दल त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर चिठ्ठी लावली होती, तिच्यातही 'उपरोक्त विषयास अनुसरून' होतं म्हणतात. बायको नाकारत नाही.

त्या आठवड्यात मात्र त्यांना कुणाकडे काही मागायचं नव्हतं. मागायचं ते चालून येत होतं. पुढच्या शुक्रवारी बढतीची यादी लागायची होती. अधीक्षक! वेगळी खोली, दाराला पडदा, आणि टेबलाला काच. वरच्या साहेबांनी बोलावून सांगितलंही होतं, "नाव तुमचंच आहे. फक्त कुठल्याही खात्यात तुमच्याविरुद्ध चौकशी चालू नाही, एवढा दाखला लागेल." अर्जवाले हसले होते. चौकशी, आणि त्यांच्याविरुद्ध? बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांच्याविरुद्ध कुणी कुरकुरसुद्धा केली नव्हती. बायको सोडून.

तर शनिवारी सकाळी पाणी का चढत नाही ते बघायला ते गच्चीवर गेले. पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कच्याच घरी पाणी चढत नाही, या विषयावर इमारतीतले लोक काय बोलतात ते इथे नको. टाकीमागे काहीतरी खरखरलं. अर्जवाले वाकले. तिथे घार बसली होती.

घार अशी हाताच्या अंतरावर कुणी बघत नाही. ती आपली वर असते, आभाळात एक काळी रेघ. जवळून बघितली तर तिच्या अंगावर किती रंग! वाळल्या पानाचा, ओल्या मातीचा, जुन्या गंजाचा. एकेक पीस जणू कुणी निगुतीनं रंगवून वाळत घातलेलं. डोळे मधासारखे दाट, आणि त्या मधात गोडवा औषधालाही नाही. उजवा पंख मिटलेला, डावा मात्र जमिनीवर लोळत होता. वर कुणाच्या तरी डिश अँटेनाची तार लोंबत होती, त्या तारेला एक तपकिरी पीस अडकून थरथरत होतं. काय झालं ते सांगायला साक्षीदार लागत नव्हता.

अर्जवाल्यांना तिची कीव आली. हे नमूद केलं पाहिजे, कारण पुढच्या कागदपत्रांत ते कुठेच नमूद नाही.

त्यांनी दोरीवरचा टॉवेल ओढला, देवाचं नाव घेतलं आणि टाकला तिच्यावर. टॉवेल बायकोचा होता. नवा होता. पाच मिनिटांनी नवा नव्हता.

मिक्सरच्या खोक्यात घार ठेवून ती खाली आणेपर्यंत जिन्यात माणसं जमली. सर्वांत पुढे कर्नल. कर्नल आयुष्यभर बँकेत रोखपाल होते, पण मिशा आणि आवाज बघून लोकांनी त्यांना परस्पर सैन्यात भरती केलं होतं.

"ब्रँडी द्या तिला," कर्नल म्हणाले. "अर्धा चमचा. ताठ उभी राहील."

"काहीतरीच काय!" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "पक्ष्याला वारा लागतो, वारा. खिडकीतून सरळ भिरकावून द्या. पडता पडता आपोआप उडते."

"आणि नाही उडाली तर?"

"तर मग तिला उडायचंच नव्हतं असं समजायचं."

खोक्यात घारीनं एकदा 'चिर्रर्र' केलं. तो आवाज कुणाला तरी उद्देशून होता, पण कुणाला ते कळेना, म्हणून सगळेच एक पायरी मागे सरकले.

बायकोनं दार उघडलं. खोक्यात डोकावली, टॉवेलाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तिला एक खोड होती. कशावरही उभ्या उभ्या दोन ओळी जुळवायची. तिच्या आईकडून आलेली. आई भांडतानाही ओळी जुळवायची, त्यामुळे माहेरची भांडणं लवकर मिटत. समोरच्या माणसाला ऐकायचं असायचं.

"पंख तुझा मोडला बाई, नजर काही मोडेना," बायको खोक्यात बघत गुणगुणली, "खोक्यामधली राणी माझ्या नवऱ्याला सोडेना."

"अगं, गाणी कसली म्हणतेस? दवाखाना कुठला उघडा असेल ते सांग!"

उघडा होता तो सरकारी जनावरांचा दवाखाना. अर्जवाल्यांच्या पुढे रांगेत एक म्हैस, दोन शेळ्या आणि एक बैल, असा क्रम होता. म्हशीचा मालक खोक्याकडे बघून म्हणाला, "कोंबडी का?" अर्जवाल्यांनी मान वळवली. म्हशीनंही वळवली. त्या दीड तासात त्या दोघांची बरीच नजरानजर झाली, आणि अर्जवाल्यांना पहिल्यांदाच वाटून गेलं की आपल्या कार्यालयातल्या बाकावर बसणारी माणसं आपल्याकडे अशीच बघत असतील.

खिडकीतल्या कारकुनानं केसपेपर पुढे ओढला. "जनावर?"

"घार."

"वय?"

"विचारलं नाही."

"दूध किती देते?"

"अहो, घार आहे ती!"

"रकाना आहे साहेब. मोकळा ठेवला तर वरून परत येतो."

रकाना मोकळा ठेवला तर वरून परत येतो, हे वाक्य अर्जवाले स्वतः दिवसातून तीनदा म्हणत. आज पहिल्यांदा ते कानावरून उलट बाजूनं आलं. दूध शून्य लिटर, अशी नोंद झाली.

डॉक्टर मात्र शहाणे होते. त्यांनी पंख बोटांनी चाचपला, जसं आंधळ्यानं अक्षर चाचपावं. "मोडलेला नाही, मुरगळलाय. पाच दिवस बांधून ठेवू. कच्चं मांस द्या, लांबून द्या. बोलू नका, कुरवाळू नका, नाव ठेवू नका. तिला माणसांची सवय लागली तर ती संपली. आणि वनखात्याला एक फोन करून टाका."

एक फोन! त्या फोनवर सगळं मिटलं असतं.

"फोन करा की मग," घरी आल्यावर बायको म्हणाली.

"फोनला जावक क्रमांक असतो का?" अर्जवाले म्हणाले. "उद्या कुणी विचारलं, कळवलं होतं का, तर काय दाखवू? रिसीव्हर?"

आणि त्यांनी टेबलावर कागद ओढला. आता इथे त्यांच्या खात्याची रीत सांगायला हवी. बेकायदा जोडलेला नळ, चोरीचा मीटर, रस्त्यात सापडलेला पाइप, काहीही आणलं की पहिली ओळ ठरलेली असते: 'सदर वस्तू ताब्यात घेण्यात आली असून...' अकरा वर्षांत अर्जवाल्यांच्या हातातून ही ओळ इतक्या वेळा उतरली होती की हात ती डोक्याला न विचारता लिहायचा. हातानं लिहिली. 'विषय : घार (मादी, अंदाजे) ताब्यात असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, सदर घार आज रोजी निम्नस्वाक्षरीकाराने स्वतःच्या ताब्यात घेतली असून ती राहत्या घरी ठेवण्यात आली आहे.' खाली सही. सहीखाली, सवयीनंच, 'प्रत माहितीस्तव सविनय सादर : माननीय मुख्य अधिकारी, पाणीपुरवठा कार्यालय.'

"तुमच्या साहेबांना कशाला घारीची माहिती?" बायकोनं विचारलं.

"वरिष्ठांना अंधारात ठेवू नये," अर्जवाले म्हणाले, आणि तोच कागद दोन्ही कचेऱ्यांत पोचवून आले. शिक्के घेतले. छातीवर पदक लावावं तसे ते शिक्के खिशात ठेवले.

मग पाच दिवस घार गॅलरीत राहिली आणि अर्जवाल्यांचं घर घारीचं झालं.

वाळत घालायचे कपडे बैठकीत आले, बैठकीतल्या खुर्च्या स्वयंपाकघरात गेल्या. मांस आणायला अर्जवाले खाटकाकडे गेले, ते जन्मात पहिल्यांदा. "हाडाचं देऊ का बिनहाडाचं? पाहुणे किती?" खाटकानं आपुलकीनं विचारलं. "एकच आहे," अर्जवाले म्हणाले, "पण ती चावते." खाटकानं सुरी खाली ठेवली आणि पुढे त्यांना बरेच दिवस जपून वागवलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं लांबून द्या. अर्जवाल्यांनी चिमट्यानं दिलं. घारीनं मांस सोडलं आणि चिमट्यापलीकडचा अंगठा घेतला. उजव्या हाताचा अंगठा, सहीचा! सोमवारी कार्यालयात ते पांढरी पट्टी बांधून गेले आणि त्यांच्या वेलबुट्टीदार सहीच्या जागी कागदावर एक मेलेली गोम उतरू लागली. शिपायानं विचारलं, "साहेब, दारात सापडला का अंगठा?" "घारीनं चावला," म्हणायची सोय नव्हती. "हो, दारात," अर्जवाले म्हणाले. मोठमोठ्या खोट्या गोष्टी त्यांनी फायलीत लिहिल्या होत्या, पण ही छोटी त्यांना दिवसभर बोचली.

आणि घार? ती एका कोपऱ्यात, एका पायावर, जणू घरमालक तीच आहे अशी बसून असे. सकाळी वर कुठेतरी दुसरी घार ओरडली की मान तिरकी करून ऐके. तेवढा वेळ तिचा राग कुठेतरी जाई. बायको कांदा चिरता चिरता थांबून बघे. "बोलू नका म्हणालेत ना डॉक्टर," ती नवऱ्याला दटावी, आणि स्वतः दाराआडून पुटपुटे, "आभाळाचं अंगण तुझं, चार हातांत मावेना, माझं घर झाडून घेते, तुझं घर दावेना."

कर्नल रोज हातात काहीतरी घेऊन येत. पहिल्या दिवशी ब्रँडी. ती घारीनं घेतली नाही, मग वाया जाऊ नये म्हणून कर्नलनी घेतली. दुसऱ्या दिवशी फक्त हात हलवत आले, आणि ब्रँडी उरली आहे का विचारून गेले. काकूंनी मात्र खालच्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगितलं की अर्जवाल्यांनी गरुड पाळलाय, बढती मिळाली की मांडीवर घेऊन फोटो काढणार आहेत.

मंगळवारी टपाल आलं. अर्जवाल्यांच्या हयातीत सरकारी पत्राला तीन दिवसांत उत्तर आल्याचं हे पहिलं उदाहरण. त्यांना क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी वाचलं.

'कारणे दाखवा. आपण आपल्या अर्जात नमूद केल्यानुसार संरक्षित वन्य पक्षी विनापरवाना स्वतःच्या ताब्यात घेऊन राहत्या घरी ठेवला असल्याचे आपणच मान्य केले आहे. सबब आपल्याविरुद्ध चौकशी प्रस्तावित असून गुरुवारी सकाळी अकरा वाजता वनरक्षक पाहणीसाठी येतील. तोवर सदर पक्षी परस्पर सोडू नये. प्रत माहितीस्तव : मुख्य अधिकारी, पाणीपुरवठा कार्यालय.'

"प्रत त्यांनी कशी काय पाठवली?" अर्जवाले ओरडले.

"तुम्हीच पत्ता दिलात," बायको म्हणाली.

बुधवारी वरच्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर एकावर एक दोन्ही कागद. साहेब ओठ दाबून बसले होते, आणि साहेब ओठ दाबतात ते रागानं की हसू आवरायला, हे अकरा वर्षांत अर्जवाल्यांना कळलं नव्हतं.

"घार पाळता?"

"नाही साहेब, ती जखमी..."

"मग ताब्यात असल्याबाबत कशाला लिहिलंत?"

आपण तसंच लिहितो, हेच खरं उत्तर होतं.

"हे बघा," साहेब म्हणाले, "यादी परवा टाइप होणार. उद्या तो माणूस येईल, त्याच्याकडून चौकशी बंद झाल्याचं लिहून घ्या आणि संध्याकाळपर्यंत मला आणून द्या. नाही आणलंत तर माझे हात बांधलेले. पुढची यादी कधी निघेल ते मलाही माहीत नाही. मागची नऊ वर्षांनी निघाली."

नऊ वर्षं! त्याच्या आत अर्जवाले निवृत्त होणार होते.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी येऊन पट्टी सोडली. "झकास! आज उडेल," ते म्हणाले आणि गेले. त्यांना नोटिशीचं काही माहीत नव्हतं. पाच दिवस जिला घालवायला अर्जवाले उतावीळ होते, तिलाच आता धरून ठेवायला ते खोक्यावर हात दाबून बसले. आत घार फडफडत होती. पंखाला आठवण झाली होती. खोकं थडथड वाजत होतं, जसं कुणी आतून दार ठोठावतंय.

अकरा वाजले. वनरक्षक नाही. बारा वाजले. कर्नल येऊन "अजून नाही?" विचारून गेले. एक वाजला. खोक्याच्या फटीतून एक पीस बाहेर आलं, मोडलेलं. मग दुसरं.

"अहो," बायको म्हणाली. तिनं या वेळी ओळी जुळवल्या नाहीत. "ती आपटून आपटून पंख पुन्हा घालवेल."

"अगं, मला दिसत नाही का? पण सोडू नका असं लिहिलंय!"

"मग मोडू द्या असं लिहिलंय का?"

अर्जवाल्यांनी खोकं उचललं. "गच्चीवर नेतो. नुसता वारा देतो तिला. सोडणार नाही." हे त्यांनी मनापासून सांगितलं. पुढे जे झालं त्यावरून कुणी त्यांच्यावर संशय घेऊ नये.

गच्चीवर बंदोबस्त करण्यात आला. कर्नल आणि काकूंनी दोन बाजूंनी पलंगपोस धरला, कुंपण म्हणून. काकू अजूनही "भिरकावून द्या" म्हणत होत्या. अर्जवाल्यांनी खोक्याचं झाकण चार बोटं उघडलं. चार बोटं! तेवढ्यातून घार निघाली, पलंगपोसावरून, कर्नलच्या मिशांवरून, आणि कठड्यावर जाऊन बसली.

सगळे थिजले. ती बसली. मागे वळून तिनं अर्जवाल्यांकडे एकदा बघितलं. त्या नजरेत आभार नव्हते. पाच दिवसांत नव्हते तर आता कुठून येणार? मग तिनं अंग पुढे टाकलं आणि ती कठड्यापलीकडे खाली गेली.

"पडली!" कर्नल ओरडले.

अर्जवाल्यांनी कठड्याकडे धाव घेतली, आणि ते वाकून बघताहेत तोच त्यांच्या नाकासमोरून ती वर आली. पंख एकदा हलला, दोनदा, मग हलायचाच थांबला आणि नुसता पसरला. उन्हानं तिला उचललं. टाकीच्या वर, अँटेनाच्या वर, शेजारच्या इमारतीच्या वर. तिनं गोल घेतला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, जणू कुणी आभाळात सावकाश सूत गुंडाळतंय.

कुणीतरी मोठमोठ्यानं टाळ्या वाजवत होतं. बघतात तर अर्जवालेच. पट्टीचा अंगठा वर करून, वेड्यासारखे. बायकोनं डोळ्यांना पदर लावला होता, ऊन लागतंय म्हणाली.

आणि जिन्यातून धापा टाकत वनरक्षक आला.

तो वाईट माणूस नव्हता. सकाळपासून उपाशी होता, एक घोरपड आणि दोन माकडं आटपून आला होता. त्यानं कठड्यावर वही ठेवली. "पक्षी हजर करा."

अर्जवाल्यांनी बोट वर केलं.

वनरक्षकानं वर बघितलं, मग त्यांच्याकडे. "सोडलात होय? सोडू नका असं लिहिलं होतं ना!"

"मी सोडलं नाही. ती उडाली."

"सगळे असंच म्हणतात." त्यानं टोपी काढून घाम पुसला. "बघा काका, माझ्याकडे रकाने दोनच. जप्त, नाहीतर मृत. मी आपलं मृत लिहितो. तुम्ही सही करा, हे दोघं पंच. प्रकरण आत्ता बंद, तुम्हाला चौकशी नसल्याचं पत्र लगेच देतो. नाहीतर चालूच राहील. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही."

"लिहा, लिहा," कर्नल घाईनं म्हणाले. "अर्जवाले, अधीक्षक व्हायचंय ना?"

"मेली म्हटल्यानं ती काय मरते का?" काकू म्हणाल्या.

अर्जवाल्यांनी पेन घेतलं. खरं सांगायचं तर कसलीच अडचण नव्हती. कोरड्या नळांवर 'पाणी सुरळीत चालू, तक्रार निकाली' हे त्यांनी किती वेळा लिहिलं होतं याची मोजदाद नाही. हात सवयीनं त्या रकान्याकडे गेलाही. 'मृत' हा शब्द लहानसा. जास्त शाई लागत नाही.

वर घार आणखी एक गोल घेत होती. ती जिवंत होती. इतकी जिवंत, की अर्जवाल्यांना आपल्या हातातल्या पेनाचा राग आला. वनखात्याचा आला, वरच्या साहेबांचा आला, नऊ नऊ वर्षांनी निघणाऱ्या यादीचा आला, ब्रँडी पिणाऱ्या कर्नलचा आला, आणि सर्वांत जास्त आला तो स्वतःच्या त्या आज्ञाधारक हाताचा. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती वर बघत होती.

"मृत नाही लिहायचं," अर्जवाले म्हणाले. "उडून गेली, असं लिहा."

"तसा रकाना नाही."

"मग समासात लिहा!"

"काका, चौकशी चालू राहील हां."

"राहू दे."

वनरक्षकानं सुस्कारा सोडला, समासात बारीक अक्षरात लिहायला लागला आणि मधेच थांबला. "कुठल्या दिशेला गेली ते लिहावं लागतं. पूर्व, पश्चिम?"

"वर," अर्जवाले म्हणाले.

"वर ही दिशा नाही हो."

"ती गेली ना!"

त्यानं 'वर' लिहिलं. अर्जवाल्यांनी वही जवळ ओढली. पट्टीच्या अंगठ्यानं, दात आवळून, त्यांनी पूर्ण सही केली, वेलबुट्टीसकट. आणि सहीखाली हुद्दा लिहिला, नेहमीपेक्षा जरा मोठ्या अक्षरात: हेडक्लार्क.